खजुराचा रंग

"थापा मारायलाही अक्कल लागते, शिवदास," अश्विनी मागच्या सीटवरून म्हणाली.

तिच्या मांडीवरच्या पिंजऱ्यात खजूर झोपला होता. खजूर म्हणजे त्यांनी पाळलेला फेरेट, मुंगसासारखा लांबुडका. गणपतीला ती नवऱ्याबरोबर महिनाभर चिपळूणला गेली तेव्हा तो गडद तपकिरी होता. परत येऊन बघते तर तोंड पांढरं, पाठ फिकी. दिवस लहान झाले की केस बदलतात, एवढंच ड्रायव्हर सांगत होता.

तिने ओळखायचं ते ओळखलं होतं. खरा खजूर याच्या हलगर्जीपणाने मेला आणि याने दुसरा आणून ठेवला. सातवी नापास माणूस, आणि हिला प्राणिशास्त्र शिकवणार! आज खजुराच्या मानेतल्या ओळखीच्या चिपचा नंबर कागदाशी जुळला नाही तर व्हिसा खलास, हे तिने बहारीनमधल्या गुदैबियातल्या घरून निघतानाच त्याला सुनावलं होतं. गावी त्याच्या दोन मुली कॉलेजात होत्या. तो विचार त्याने आधी करायचा होता.

तिचा नवरा परीक्षित शेजारी फोन चाळत बसला होता. रंग बदलतोच, ऋतू असतो, वय, खाणं, कधी ग्रंथींचा आजार, असं त्याने सकाळपासून चारदा सांगून पाहिलं. ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती भावाच्या लग्नाहून परतली तेव्हा खजूर एकदम गडद दिसला होता, आणि वयामुळे असं होतं हे परीक्षितनेच समजावलं होतं. पुढे मैत्रिणींना तीच ते ऐकवायची. पण शिकलेल्या माणसाचं बोलणं वेगळं, नोकराची सारवासारव वेगळी. पुलापलीकडे बुसैतीनच्या दवाखान्यात कशाला, जवळचा डॉक्टर बघू, असंही परीक्षित म्हणाला होता. नोकरांना पाठीशी घालायची त्याची जुनी खोड.

पूल उतरल्यावर शिवदासने पत्ता न विचारता दोन गल्ल्या वळून गाडी दवाखान्याच्या दारात लावली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, अश्विनी मनाशी म्हणाली.

"शेवटचं विचारते. खरं काय ते बोल."

"मी काय बोलू, मॅडम? साहेब आहेत ना."

डॉक्टर तय्यबा मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी खजुराच्या मानेवरून यंत्र फिरवून नंबर वाचला. अश्विनीने विकत घेतानाचा कागद जपून ठेवला होता. एकही आकडा जुळेना.

"सामान बांध," ती शिवदासला म्हणाली. त्याने मान खाली घातली.

"थांबा," तय्यबा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या. "हा तुमचाच आहे. रंग थंडीकडे असा फिकट होतो, काळजी नको. चिप मीच बसवलीय, दोन वर्षांपूर्वी. पहिला दारात चेंगरून गेला, म्हणून तुम्ही हा घेऊन आलात. हे ड्रायव्हरही होते सोबत."

मग चष्म्यावरून परीक्षितकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला.

"साहेब, घरी कळू द्यायचं नाही म्हणाला होतात, ते यांनाच का?"