पुस्तकाचं बारसं
शंभर प्रती छापून आल्या. मुखपृष्ठावर संत्र्याचं झाड होतं, कलाबाईंचं नाव होतं. पुस्तकाचं नाव तेवढं नव्हतं.

शक्कल प्रकाशक सुचिताची. फीत कापून चार भाषणं ठोकायची, असल्या प्रकाशनाला पांढुर्ण्यात आता खुर्च्याही येत नाहीत. म्हणून तिनं ठरवलं, बारसंच करायचं. प्रत पाळण्यात ठेवायची, आत्यानं नाव ठेवायचं, अन् लेखिकेनं ते प्रत्येक प्रतीवर हातानं लिहायचं.

कलाबाई आधी नकोच म्हणाल्या. मग अडून बसल्या, आत्या म्हणून सावरगावची नणंद अंबाबाईच पाहिजे. दोघींचं बावीस वर्षांपासून बोलणं नव्हतं. बगिच्याच्या वाटणीवरून बिनसलं, असं कलाबाईंच्या मोहगावात सांगत. ती आली नाही तर पुस्तक बिननावाचं राहू दे, म्हणाल्या.

सुचिता सावरगावला गेली. तूर पाखडता पाखडता अंबाबाईंनी सगळं ऐकलं.

"वैनीनंच बोलावलं, का तू आपल्या मनानं येऊन राहिली?"

"त्यांनीच."

"अन् मी ठेवीन तेच नाव?"

"तेच."

सूप थांबलं. येईन, अंबाबाई म्हणाल्या.

मोहगावच्या सभामंडपात बाया मावेनात. घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा म्हणून झाला, तेव्हा कुठं अंबाबाई आल्या. भावजयीकडे पाहिलंसुद्धा नाही. बायांनी एकमेकींना कोपरं मारली. बाईनं जुना दावा साधला तर शंभर प्रती वाया, सुचिताच्या मनात आलं.

अंबाबाई पाळण्यावर वाकल्या. कुर्र केलं. उठायला त्यांना जरा वेळच लागला.

"वीरेंद्र," त्या म्हणाल्या.

मंडपभर हशा पिकला. बायामाणसाच्या पुस्तकाचं असं नाव असते काय, पुढच्या रांगेतून मोतीराम गुरुजींनी विचारलं. सुचितानं हस्तलिखित तीनदा वाचलं होतं. त्यात संत्रातोडीच्या बाया होत्या, त्यांच्या गप्पा होत्या. वीरेंद्र कुठंच नव्हता. फजिती केली होती बाईनं, चारचौघांत.

ती कलाबाईंकडे धावली. त्या चौथ्या प्रतीवर नाव लिहीत होत्या. पाचवी प्रत अंबाबाई हातात धरून उभ्या होत्या.

"मावशी, थांबा. बदलून घेऊ. लोक विचारतील, पुस्तकात वीरेंद्र कोण म्हणून."

कलाबाईंनी पाचवी प्रत घेतली.

"पुस्तकात नाही, बाई. माह्या घरी होता. अकरा दिवस."