मालकाचं नाव

“मालकाचं नाव सांगा,” बाबामियाँ कंपाउंडर दवाखान्याच्या खिडकीतून म्हणाले, आणि मथुराबाईनं पदर आणखी खाली ओढला.

“ती बाटली द्या की, चाचा. तीच आमची. दोरा म्याच बांधलाय.”

आत फळीवर भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या. लढाईमुळं नव्या बाटल्या मिळेनात, तेव्हा ज्यानं त्यानं घरून मिळेल ती आणायची. मथुराबाईचा दीर सकाळीच रिकामी बाटली ठेवून, डाक्टरला भावाचं दुखणं सांगून जनावरांच्या बाजारात निघून गेला होता. औषध न्यायचं काम तिच्याकडं. बाटलीच्या गळ्यात त्यांच्या गावच्या, सोनारीच्या काळभैरवाचा काळा दोरा होता. औषधाला गुण यावा म्हणून तिनं तो घरूनच बांधून दिला होता.

“काय होतंय मालकाला?”

“अंग लई ठणकतंय. तापबी हाय. कालपासनं डोळं उघडंना झालेत.” तिनं हात पुढं केला. “द्या हो लवकर. गाडी थांबलीया.”

बाबामियाँनी बाटली उचलली, पण हात खिडकीबाहेर काही काढला नाही. बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी उर्दूत, ती तिला वाचता येणार नव्हती. आणि हा माणूस नाव ऐकल्याबिगर साधी पुडीसुद्धा सोडायचा नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी! स्वतः डाक्टर खिडकीत आला तरी ‘नाव?’ म्हणून विचारील, असं लोक म्हणायचे.

“अहो, तुमीच नाव वाचा, ती मान हलवंल,” रांगेतून कुणीतरी सुचवलं.

“मान कशालाबी हलती,” बाबामियाँ म्हणाले. “मी ‘निजाम सरकार’ म्हणालो तरी लोक मान हलवत्यात. घरी जायची घाई असती ना!”

रांग हसली. मथुराबाईनं मागं वळून पाहिलं. सोनारीचं कुणी असतं तर तिच्यासाठी त्यानं नाव सांगितलं असतं. पण ओळखीचं एक तोंड दिसेना.

“नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतंय, चाचा,” ती हळूच म्हणाली. “एरवी गोष्ट निराळी. आज न्हाय घ्यायची. आज तर मुळीच न्हाय.”

आता कुणी हसलं नाही. पण बाटली बाबामियाँच्याच हातात राहिली.

मथुराबाईच्या मागं म्हाळसाबाई उभी होती. म्हातारी, कपाळ मोकळं, खोकून खोकून वाकलेली. तिनं काठीनं मथुराबाईला हळूच ढोसलं.

“पोरी, म्या जलमभर न्हाय घेतलं नाव. चुकूनबी न्हाय, सपनातबी न्हाय.” तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत ती थांबली. “तरी मालक राह्यले का?”

मथुराबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं खिडकीची चौकट धरली.

“उखाण्यात घे, बाई. उखाण्यात चालतंय,” मागून एकीनं धीर दिला.

मथुराबाईनं डोळे मिटले.

“सोनारीच्या भैरवापुढं तेवते तेलवात,
हिंमतरावांचं औषध द्या माझ्या हातात.”

“अगं बया, जुळवलं की!” रांगेत खसखस पिकली.

बाबामियाँ मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातल्या बाटलीची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, बाटली सावकाश फळीवर ठेवली आणि कोपऱ्यातली दुसरी उचलली. तिच्याही गळ्यात काळा दोरा होता.

“ही तुमची. हिंमतराव, सोनारी. पोटात घ्यायचं. कागदाच्या पट्टीवरच्या एका खुणेएवढं, जेवणानंतर.”

“अन् ती?”

“ती भीमाशंकरची. तोबी सोनारीचाच. त्याचे गुडघे धरलेत. ते औषध वरनं चोळायचं. पोटात गेलं तर…” ते अडखळले. “जहर हाय, बाई.”

मथुराबाईनं दोन्ही दोऱ्यांकडं पाहिलं. एकाच देवाचे, सारखेच काळे. ती खिडकीखालच्या पायरीवर मटकन बसली.

“म्या तीच पाजली असती,” ती म्हणाली. “देवाचं नाव घेऊन पाजली असती.”

म्हाळसाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“उठा,” बाबामियाँ म्हणाले. आवाज मऊ होता, पण हट्ट तोच. “आता मला सांगा. ह्या औषधाचं काय करायचं?”

“प्यायला द्यायचं.”

“किती?”

“पट्टीवरच्या एका खुणेएवढं. जेवणानंतर.”

“कुणाला?”

“हिंमतरावांना,” ती म्हणाली. उखाणा नाही, पदर नाही, सरळ खिडकीत बघून.

तेव्हा कुठं बाबामियाँचा हात बाहेर आला. मथुराबाईनं बाटली पदराखाली घेतली आणि गाडीकडं चालू लागली.

“पुढं या,” बाबामियाँ म्हणाले. “नाव?”

म्हाळसाबाई काठी टेकत खिडकीपाशी आली.

“सटवाजी.”

बाबामियाँनी सगळी फळी न्याहाळली. “सटवाजी आज कुणी न्हाय, आजी. औषध कुणाचं हाय?”

“माझंच. खोकल्याचं. म्हाळसाबाई म्हणून बघा.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ते आमच्या मालकाचं नाव. एकदा घेऊन बघितलं.”