सज्ञान

"लवूला आत बसवलंय, आप्पा. पोरगी बाहेर आहे," फौजदार म्हणाले. "तुम्ही आणलेली केस म्हणजे चौकशीची गरजच नाही."

"असं कसं? रीतसर चौकशी करा," आप्पा म्हणाले. "कायद्याला आपला-परका नसतो."

रत्नागिरीच्या ठाण्यात आप्पांना सगळे ओळखत. मुलीच्या लग्नाचं वय अठरा झाल्यापासून त्यांनी मांडवात उभं राहून कितीतरी कोवळ्या पोरींची लग्नं थांबवली होती. बुरोंडीला तर लोक कोयते घेऊन अंगावर आले. "पोर आमची, सरकार कोण?" असं बाप विचारत होता. आप्पा जागचे हलले नाहीत. "पोर बापाची मालमत्ता नव्हे," ते म्हणाले. "बाप चुकला तर सरकारनं मध्ये पडायचं."

आज सोबत त्यांची बायको हौसा होती. पंचक्रोशीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. वयाचा वाद निघाला की आप्पा तिलाच साक्षीला आणत. तिचा शब्द आजवर कुणी खोटा ठरवला नव्हता.

शिपायानं मथुराला आत आणलं. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं, हातावरची हळद अजून उतरली नव्हती.

"मला अठरा सरली, सायेब," ती म्हणाली. "देवळात लगीन केलं ते माज्या खुशीनं. लवूनं फूस लावली नाय."

"सगळ्या असंच सांगतात," आप्पा शांतपणे म्हणाले. "शाळेतली तारीख मास्तरांनी अंदाजानं घातलेली. मुलगा भाट्याचा, होडीवर खलाशी. जात वेगळी, पण तो मुद्दा नाही. मुद्दा वयाचा आहे."

फौजदार हौसाकडे वळले. "वहिनी, हिचं वय काय, ते तुम्हीच सांगा."

हौसा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आप्पांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"सतरावं चाललंय," ती म्हणाली.

मथुरानं मान वर केली.

"म्हणजे अज्ञान मुलगी पळवली," फौजदार म्हणाले. त्यांनी शिपायाला खूण केली. पलीकडे कोठडीला कुलूप लागल्याचा आवाज आला. "लवू राहील इथेच. हिला घेऊन जा."

"चला, एस.टी. चुकेल," म्हणत आप्पा दाराकडे निघाले.

मथुरा हौसासमोर थांबली.

"आप्पा माजे बाप, ते खोटं बोलणारच," ती म्हणाली. "पण आये, मला जलम तू दिलास. तो तरी खरा सांगायचास."