वास गेला

"थांब, तितंच थांब!" उकंडराव पेंटरनं लेकीला उंबऱ्याबाहेर अडवलं आणि निळं दार एका बोटानं ढकललं. "हं, आता बघ."

सातवा महिना लागलेली सीमा पहिल्या बाळंतपणासाठी नुकतीच आखाडा बाळापूरला माहेरी उतरली होती. तिच्यासाठी म्हाताऱ्यानं मधली खोली रंगवली होती. भिंती पोपटी, आणि समोरच्या भिंतीवर ट्रकच्या पाठीवर काढतात तसा मोर. फक्त हा मोर ट्रकएवढा होता. चकाकत असा होता की त्याच्यात बघून भांग पाडावा.

मग वास आला. ऑईल पेंटचा आणि थिनरचा. सीमाच्या डोळ्यांना पाणी सुटलं. म्हाताऱ्याला वाटलं, लेकीला गहिवरून आलं.

निम्मं ते खरंही होतं. लहानपणी लाइट गेली की अंधारात आधी हा वास घरात यायचा, मागून बाप, आणि बापाच्या मागून एखादी थाप. आज ट्रकमागचा आपला मोर असा ओरडला की नांदेडच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तसलं काही ऐकल्याशिवाय तिला झोपच यायची नाही.

पण आता कपाळ ठणकायला लागलं. पोटावर हात ठेवून ती मागं सरली.

"आबा, खिडक्या काहून लावल्या?"

"परवाच हात मारला ना शेवटचा. रोडची धूळ ओल्या रंगावर बसली की मोराला देवी निघतात."

"वास लई हाय आबा."

"कुठं हाय? वास गेला!" उकंडरावनं छाती भरून श्वास ओढला. "कालच गेला. अगं, कळमनुरीत कुणी डबा उघडला तर मी हितं बसून रंग सांगतो."

"नाकाचं तर बोलूच नका," त्याची बायको पंचफुलाबाई चुलीजवळून म्हणाली. "त्या दिवशी दूध करपून कोळसा झालं, अन् तुमी पातेल्याला टेकून पेपर वाचून राहिले होते."

"बातमीच तशी होती."

सीमा हसली नाही. "दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलंय, आबा. ताज्या रंगाच्या खोलीत झोपायचं न्हाई. लेकराला तकलीफ होती."

"थिनरनं? सारी जिंदगी ओढला मी. वरून गुळाचा खडा खाल्ला की थिनरचं पाणी होतं. मला चावलेला मच्छर डुलत जायचा, पर जायचा चालत!"

सीमानं वेणीतला गजरा काढून मुठीत धरला. "डोळे मिटा. वळखा."

म्हाताऱ्यानं एक डोळा मिटला. पंचफुलाबाईनं मागून येऊन दोन्ही डोळ्यांवर पिठाचा हात ठेवला. सीमानं मोगरा त्याच्या नाकाला लावला.

उकंडरावनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज विरला, तरी तो हुंगतच होता.

"ऑईल पेंट," तो शेवटी म्हणाला. "पांढरा."

रंग तेवढा बराबर निघाला.

बायकोनं हात काढला. त्यानं मोगऱ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. तोंड उघडलं, पण थाप काही आली नाही. उठून त्यानं खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, आतली बाज एकट्यानं ओढत ओसरीत आणली आणि सीमाला तिच्यावर बसवलं. स्वतः स्टूल घेऊन तिच्या उशाशी टेकला.

पंचफुलाबाई सूप घेऊन तिथंच तांदूळ निवडायला बसली.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "लेकराच्या टाळूला कसा वास असतो गं? मला यादच येईना."

"समद्या लेकरांच्या टाळूला दुधाचा येतो."

"अन् हिच्या?"

पंचफुलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हिच्या थिनरचा. कामावरून आले की हात न धुता तुमीच छातीशी घेऊन बसायचे न्हाई का."

उकंडरावनं अंगातल्या, रंगानं कडक झालेल्या सदऱ्याकडं बघितलं. मग आवाज न करता उठला आणि स्टूल बाजेपासून लांब, पार अंगणात नेऊन ठेवला.