ट्रेलच्या बाहेरचं

“ट्रेलवर जास्त चालवणार, की ट्रेलच्या बाहेर?” ब्रेंटनं विचारलं.

“ट्रेलवरच जास्त,” ट्रीना म्हणाली. “शेवटी थोडं बाहेर. ओढ्याच्या काठानं. तिथे झाडी आहे.”

ब्रेंट खूश झाला. काय हवंय ते नेमकं ठाऊक असलेलं गिऱ्हाईक त्याला आवडायचं. त्यानं तिला दुकानातल्या, बर्फावर फिरत्या पट्ट्यानं पळणाऱ्या स्नोमोबाइलच्या रांगांमधून फिरवलं. ही छोट्या पट्ट्याची, दाबून कडक केलेल्या ट्रेलवर सुसाट पळणारी. ती लांब पट्ट्याची, मोठाल्या दातांची, छातीभर भुसभुशीत बर्फातूनही वर येणारी. पण ट्रेलवर वळवताना हात भरून येतात. आणि ही दोघींच्या मधली.

“तुमच्यासाठी हीच,” तो म्हणाला. “बसून बघा.”

ट्रीना बसली नाही. तिनं वाकून पट्ट्याच्या दातांवरून बोट फिरवलं.

मागे तिचा सासरा, वाल्फ्रिड, कानटोपी हातात धरून उभा होता. त्याच्या बुटांचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं.

“हिला छोट्या पट्ट्याची दे,” तो म्हणाला.

“बाबा, ती ओढ्यात रुतेल.”

“रुतली तर परत फिरायचं.”

“काका, यांच्या चालवण्यावर भरवसा दिसत नाही तुमचा,” ब्रेंट हसत म्हणाला.

“पुलाखालचा ना तू?” म्हाताऱ्यानं विचारलं.

दक्षिणेकडून आलेल्यांना इथे ‘पुलाखालचे’ म्हणत, आणि ब्रेंट तसाच होता. मिशिगनच्या दक्षिण भागातून पूल ओलांडून तो नुकताच इथे नोकरीला आला होता. ट्रीना आत आल्यापासून दुकानातले बाकीचे दोघे विक्रेते तिची नजर चुकवत होते आणि कॉफीच्या भांड्यापाशी उगाच रेंगाळत होते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं यादीतला पुढचा प्रश्न विचारला.

“मागे काही ओढायचंय का? लाकडं, सामान?”

“घसरगाडी जोडायचीय. जाताना रिकामीच असेल,” ट्रीना म्हणाली. “येताना तिच्यावर माझा नवरा असेल.”

ब्रेंटचा हात गाडीच्या हँडलवर होता. तो त्यानं काढून घेतला.

तिचा नवरा डेल जानेवारीत जंगलात लावलेले सापळे बघायला गेला होता. त्याची गाडी ट्रेल जिथे ओढा ओलांडतो तिथे सापडली, पट्टा तुटलेली. पावलं ओढ्याच्या दिशेनं उतरली होती, आणि पुढे वादळानं सगळं पुसून टाकलं होतं. शेरीफच्या माणसांनी शोधलं, गावानं शोधलं. त्यात एका स्वयंसेवकाचा पाय मोडला, मग दुसरं वादळ आलं, आणि एका सकाळी शेरीफ घरी येऊन म्हणाला, आता बर्फ वितळेपर्यंत थांबू या. ट्रीना काही बोलायच्या आत वाल्फ्रिडनं मान हलवली होती. थांबा, म्हणाला होता. पोटच्या पोराचा बाप.

तेव्हापासून एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, तिनं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. आजही तो न विचारताच गाडीत येऊन बसला होता.

“मधलीच द्या,” ती ब्रेंटला म्हणाली. “आजच न्यायचीय.”

“मॅडम,” ब्रेंटचा आवाज आता विक्रेत्याचा राहिला नव्हता, “झाडीतल्या भुसभुशीत बर्फात ही दर वेळी निघेलच असं नाही. एकट्यानं तर जाऊच नका.”

“मग लांब पट्ट्याची द्या.”

“तिला नको,” वाल्फ्रिड म्हणाला.

ट्रीना वळली. “तुम्हाला तो नकोय का, बाबा? तेवढंच सांगा. तुमचा मुलगा तिथे पडलाय आणि तुम्ही उन्हाळ्याची वाट बघताय. मला नाही जमत ते.”

कॉफीच्या भांड्यापाशी कुणी हललं नाही. म्हाताऱ्यानं कानटोपी उलटसुलट केली.

“त्या ओढ्यावर मी जन्मभर सापळे लावले,” तो म्हणाला. “डेलला मीच नेलं तिथे पहिल्यांदा. थंडीत उघड्यावर पडलेलं हरीण महिन्याभरात कसं होतं, ते मी पाहिलंय. कोल्हे येतात. कावळे येतात. डोळ्यांपासून सुरुवात करतात.”

“बाबा.”

“तुझ्याकडे त्याचा चेहरा आहे अजून. आहे ना? डोळे मिटलेस की दिसतो ना?”

तिनं ओठ आत ओढून घेतले.

“म्हणून थांबा म्हणालो. वाटलं होतं, उन्हाळ्यात सरकारी माणसं जातील, पेटी बंद करूनच आणतील. तुला बघावं लागणार नाही.” त्यानं नाक पुसलं. “पण तू थांबणाऱ्यातली नाहीस. हे मला लग्नातच कळायला हवं होतं.”

ट्रीनानं शेजारच्या गाडीची सीट धरली आणि हळूच तिच्यावर बसली. ती छोट्या पट्ट्याची होती. तिला ते कळलंही नाही.

“तुमचे गुडघे,” ती म्हणाली. “तुम्ही तर तुमची स्नोमोबाइलसुद्धा विकून टाकलीत.”

“बसायला गुडघे कशाला लागतात?”

तो लांब पट्ट्याच्या गाडीपाशी गेला. एक पाय टाकायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. ब्रेंट मदतीला पुढे झाला, तसा त्यानं हातानंच त्याला लांब ठेवलं. वर बसल्यावर त्यानं कानटोपी डोक्यावर घातली आणि दोन्ही मुठी हँडलवर आवळल्या.

“तिला ती ट्रेलवरचीच दे, पोरा,” तो म्हणाला. “ओढ्यापर्यंत आम्ही बरोबर जाऊ. घसरगाडी माझ्या मागे जोड. ट्रेलच्या बाहेरचं मी एकटा बघेन.”