बांधावरून

अख्ख्या देशाचं गाडं शेतीवर चालतं, असं थोरला टपरीवर बसून सगळ्यांना सांगायचा. त्याची स्वतःची शेती मात्र धाकट्या भावाकडे बघून चालायची. वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण धाकट्याचं पीक जोरात आलं की थोरल्याच्या पोटात दुखायचं, आणि बांधावरून डोकावून तो जे लावील तेच हाही लावायचा.

यंदा बांधापलीकडे काठ्यांवर चढवलेले, डोक्याइतके उंच टोमॅटो दिसले. थोरल्याने त्याच आठवड्यात सगळं रान टोमॅटोने भरून टाकलं. त्याचं बघून शेजाऱ्याने लावले, शेजाऱ्याचं बघून गावाने. तोडा सुरू झाला तेव्हा बाजारात टोमॅटोला कुत्रं विचारेना.

सगळे क्रेट रस्त्याकडेला ओतून थोरला घरी आला, तो खुशीतच.

"अहो, आपण बुडालो आणि तुम्ही हसताय?" बायको म्हणाली.

"तोही बुडाला असेल की! थांब, त्याचं तोंड बघून येतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बांध ओलांडून आत शिरला. टोमॅटोची एक ओळ हाताने बाजूला सारली, मग दुसरी, मग तिसरी. त्यापुढे नजर पोहोचेल तिथवर कोबीचे गड्डे होते, ज्यांना सध्या बाजारात मागेल तो भाव होता.

कोबी काढता काढता धाकट्याने वर बघितलं.

 

"ये दादा. त्या तीन ओळी तुझ्यासाठीच लावल्या होत्या."