ल्याओची जागा

ल्याओच्या पत्राला बेरेतीने चार वर्षे उत्तर दिले नव्हते. पत्र एका ओळीचे होते: ‘मनेआबात माझी जागा अजून आहे का?’

त्यांच्या छोट्या बेटदेशाच्या सरकारने तैवानशी नाते तोडून चीनशी जोडले, तेव्हा परराष्ट्र खात्यातल्या बेरेतीनेच तो खलिता लिहिला होता. तैवानहून येऊन भाजीपाला पिकवायला शिकवणाऱ्या ल्याओला बेट सोडावे लागले. त्याच हाताने त्याला पुन्हा काय लिहायचे, हे बेरेतीला सुचले नव्हते.

आज झावळ्यांनी शाकारलेल्या मनेआबात गावाची सभा होती. एकेक घराणे आपापल्या खांबापाशी बसले होते. बेरेतीच्या घराण्यात तो एकटाच उरला होता. बायको गेली, मुली न्यूझीलंडला. त्याच्या पाठीमागे केवड्याच्या पानांची एक रिकामी चटई होती. ल्याओला त्याने घरचा म्हणून तिथे बसवले होते.

दारात चिनी इंजिनियर हान बूट हातात घेऊन उभा होता. तो धक्का बांधणार होता. धक्का नाही म्हणून मागच्याच महिन्यात एक बाळंतीण होडीत चढवता चढवता गेली होती.

“त्याला तुझ्या मागं बसव,” गावातले वडीलधारे इओतेब्वा म्हणाले.

“पाहुण्यांची बाजू आहे की.”

“पाहुणे नारळपाणी पितात आणि जातात. धक्का घरचा माणूस बांधतो. सरकारनं एका दिवसात दोस्त बदलला, बाबा. तुला एक चटई रिकामी करायला चार वर्षं पुरेनात?”

“ती रिकामी नाही.”

“असं? मग बसलाय तो भलताच बारीक झालाय.”

बायका हसल्या. हानही हसला; त्याला भाषा कळत नव्हती.

बेरेती उठला. त्याने हानला हाताला धरून आणले, स्वतःच्या चटईवर बसवले आणि आपण मागे ल्याओच्या चटईवर जाऊन बसला.

इओतेब्वा त्याच्याकडे बघत राहिले. “खात्यात जन्म गेला तुझा. कुणालाच नाही म्हटलं नाहीस. पण घराण्याच्या वतीनं पुढं बसलेला बोलतो, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

धक्क्यावर बोलायची बेरेतीच्या घराण्याची पाळी आली, तेव्हा हानने हसून मान डोलावली. सभा पुढे गेली. बेरेतीला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या खिडकीत त्याची भाची रोतिया होती. तिने त्याच्या पाकिटावरचा तैवानचा पत्ता वाचला.

“मामा, दार तुम्हीच लावलंत, आणि आता फटीतून कागद सरकवताय?”

“तिकीट लाव.”

“पाकीट तरी बंद करा.”

बेरेतीने कागद बाहेर काढला. ‘आहे. सध्या तिथे मी बसतो.’ सही राहिली होती. आयुष्यभर त्याने लिहिलेल्या पत्रांवर दुसऱ्याचीच सही होत आली होती. त्याने खिडकीच्या कडेवर कागद टेकवून आपले नाव लिहिले, पाकीट चिकटवले आणि टपालाच्या पोत्यात स्वतःच्या हाताने टाकले.